नकाशाखालची ओल

असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. डोळ्यांतून पाणी काढणारी मूर्ती, पिंपळावरून हाक मारणारी बाई, आपोआप पेटणारी गंजी... जिल्ह्यातून अशा बातम्या नेमाने यायच्या. मी त्यांच्या समासात लाल पेन्सिलीने दोन शब्द लिहायचो – ‘कोणी पाहिलं?’ – आणि परत पाठवायचो. उत्तर कधी आलं नाही.

आता तशीच एक बातमी मला स्वतःला द्यायची आहे. कोणी पाहिलं, ते आधीच सांगतो : मी, आई, बाबा, काका, एक प्लंबर आणि खालच्या मजल्यावरच्या दामलेबाई. दामलेबाईंनी तर वेळासुद्धा लिहून ठेवल्या आहेत.

ठिकाण – मुलुंड पूर्व, तीन मजली सोसायटी, दुसरा मजला. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. नळाला पाणी सकाळी पाऊण तास. साल १९८५, मार्च आणि एप्रिल. माणसं तीन : बाबा, आई आणि तिशी ओलांडलेला, अविवाहित मी. घरात लहान मूल नव्हतं. हा तपशील पुढे लागणार आहे.

बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि मे अखेरीस रिटायर होणार होते. रिटायर झाल्यावर गावी जाऊन राहायचं, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं म्हणे. गाव मालवणपासून तासाभराच्या अंतरावर. तिथे आमची पावणेदोन एकर जमीन, बाबा आणि काका दोघांच्या नावावर. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, राहणार घाटकोपर.

एका रविवारी सकाळी काका आले. काखेत पत्र्याची लांब नळी आणि खिशात एक कागद. कागद सौद्याचा होता. जमिनीखाली जांभा दगड होता आणि चिऱ्यांची खाण काढणारा एक माणूस ती घ्यायला तयार होता. अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो म्हणाला होता.

‘‘खाण म्हणजे जमीनच कापून नेणार तो,’’ बाबा म्हणाले. ‘‘मग उरणार काय? खड्डा?’’

‘‘आता काय आहे? कातळ,’’ काका म्हणाले. ‘‘पाणी आहे का तिथे, दादा? साठीला आलास. कळशी घेऊन अर्धा मैल चालणार तू? की वहिनीला चालवणार?’’

‘‘मला विचारलंय का कोणी?’’ आई आतून म्हणाली.

‘‘विहीर आहे,’’ बाबा म्हणाले.

‘‘कागदावर आहे.’’

तो कागद त्या पत्र्याच्या नळीत होता. इंग्रजांच्या काळात मोजणी झाली तेव्हा काढलेला, बाबांच्या पणजोबांनी मिळवलेला आमच्या जमिनीचा नकाशा. जाड कागद, मागे कापड चिकटवलेलं, लांबी-रुंदी दोन-दोन फूट. सगळं हाताने काढलेलं. हद्द लाल शाईत, झाडं हिरव्या ठिपक्यांत, आणि आमच्या हद्दीच्या चांगली आत निळ्या रंगाने भरलेला एक गोल : विहीर. खाली प्रमाण दिलेलं – दोन इंचांना एक साखळी, म्हणजे तेहतीस फूट. अक्षर इतकं सुरेख की आमच्या कचेरीतल्या एकाही वार्ताहराचं तसं नव्हतं. आजोबांनी म्हणे हा नकाशा देव्हाऱ्यात ठेवला होता.

अडचण एकच होती. नकाशात जिथे विहीर होती, तिथे जमिनीवर काही नव्हतं. आजोबांनी एकदा खणून पाहिलं, पुढे बाबांनी एकदा. दोन्ही वेळा कातळ.

शेवटी काका म्हणाले, ‘‘अक्षय्य तृतीयेपर्यंत पाणी दाखव. मी तुझी सही मागणार नाही. नाही दाखवलंस, तर तू सही कर. कबूल?’’

बाबा कबूल म्हणाले. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

काका गेल्यावर बाबांनी नकाशा बाहेरच्या खोलीत फरशीवर पसरला. वर्षानुवर्षं नळीत राहून तो सारखा गुंडाळायचा, म्हणून चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, इस्त्री आणि माझा मराठी शब्दकोश ठेवला. बुधवारी आईने केर काढायला तो उचलला. खाली फरशीवर आठ आण्याच्या नाण्याएवढा एक ओला गोल होता.

‘‘चहा सांडलात ना?’’ आई म्हणाली.

‘‘चहा एवढा गोल सांडतो का?’’ बाबा म्हणाले.

आईने फरशी पुसली. नकाशा हाताने चाचपला. तो कोरडा होता, अगदी कापडाकडूनसुद्धा. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा गोल परत होता.

मी नेहमीची चौकशी केली. नकाशा कपाटावर वर्तमानपत्रांच्या थप्पीवर ठेवला : वरच्या तीन अंकांना गोल ओल. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला : ओट्यावर ओल. आतल्या खोलीत गादीवर ठेवला, तर गादी इतकी भिजली की आईला ती गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालावी लागली. त्या आठवड्यात सोसायटीतल्या दोन बायकांनी आईला, घरात कोण छोटे पाहुणे आलेत, असं विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यासाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं... त्यातलं एक तर शेजारच्याच इमारतीतलं होतं. ते पुढे सरकलं नाही.

शनिवारी दामलेबाई वर आल्या. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, हातात वही.

‘‘सावंत, तुमच्याकडून गळतंय. बुधवारी सकाळी साडेनऊपासून बाहेरच्या खोलीत. गुरुवारी दुपारी कपाटाखाली. काल आतल्या खोलीत, माझ्या हार्मोनियमवर. तुमची गळती फिरते का?’’

बाबा म्हणाले, ‘‘आमच्या बाहेरच्या खोलीत नळ नाही हो.’’

‘‘ते मलाही माहीत आहे. माझं घर तुमच्यासारखंच आहे.’’

त्यांनी स्वतःच प्लंबर आणला. त्याने आमची फरशी ठोकून पाहिली, खाली जाऊन त्यांचं छत ठोकून पाहिलं, पुन्हा वर आला आणि दारातच उभा राहिला.

‘‘साब, इधर पाइपच नाय. पाणी यायला पाइप लागतो ना?’’

‘‘लागतो,’’ मी म्हणालो.

‘‘मग?’’

मी नकाशा उचलून दोन फूट सरकवला. दहा मिनिटांनी खालून दामलेबाईंची हाक आली – ‘‘आता हार्मोनियमवर नाही, खिडकीपाशी.’’ प्लंबरने हत्यारं पिशवीत भरली. ‘‘ये मेरा काम नही, साब,’’ तो म्हणाला, आणि तसं म्हणणारा प्लंबर मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेला नाही.

आमच्या फरशीवर ओल आठ आण्यांएवढी, दामलेबाईंच्या छतातून मात्र धार. स्लॅबला चीर नव्हती. त्यांनी आधी भांडं ठेवलं, मग पातेलं, मग बादली. चार दिवस त्या तक्रार घेऊन आल्या. पाचव्या दिवशी तक्रार आली नाही. सहाव्या दिवशी आल्या त्या आवाज खाली करून.

‘‘मी ते पाणी उकळून पाहिलं. नितळ आहे. डाळ काय शिजते त्यात, वहिनी... नळाच्या पाण्यात दोन शिट्ट्यांनी नाही शिजत अशी.’’

‘‘तुम्ही ते प्यालात?’’ आई म्हणाली.

‘‘प्याले म्हणजे, चव घेतली. गोड आहे. बरं, तुम्ही जे काय ठेवलंय ना जमिनीवर... ते जरा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरकवता का? माझं पिंप तिथे आहे.’’

आईने नकाशा सरकवला. शेजारधर्म.

इथपर्यंत मी ही सगळी भानगड, सापडलं नाही तरी काहीतरी कारण असणारच, या खात्यात टाकली होती. पण एक तपशील मला सोडत नव्हता. डेस्कवर आमचा नियम होता – दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय छापायचं नाही. मी तीन ठिकाणांहून घेतला. नकाशा तीन वेगवेगळ्या जागी ठेवला आणि प्रत्येक वेळी ओल नेमकी त्याच्या कुठल्या भागाखाली येते ते पट्टीने मोजून ट्रेसिंग पेपरवर उतरवलं. तिन्ही वेळा एकच जागा आली. ती निळ्या गोलाखाली नव्हती. ती निळ्या गोलापासून पूर्वेला बरोबर चार इंच होती, लाल हद्दीवर. अर्धा गोल रेषेच्या आत, अर्धा बाहेर.

बाबांनी ट्रेसिंग पेपर उजेडात धरला. बोटाने इंच मोजले. मग म्हणाले, ‘‘चार इंच म्हणजे दोन साखळ्या. सहासष्ट फूट.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे आम्ही सहासष्ट फूट अलीकडे खणलं.’’

मी म्हणालो, ‘‘बाबा, हा फरशीवरचा डाग आहे.’’

‘‘मग काय झालं?’’ बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी काकांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले, आणि म्हणाले, ‘‘दादा, तुला सही करायची नाही, म्हणून तू फरशी भिजवतोस. सरळ सांग की.’’ असं म्हणून ते दिवाणावर बसले. दिवाणावर चादर होती आणि चादरीखाली नकाशा होता. दामलेबाईंचं पिंप भरलं होतं म्हणून आईने तो तिथे ठेवला होता. काका चहा, पोहे आणि पुन्हा चहा होईपर्यंत बसले. उठले तेव्हा पँटच्या मागे आठ आण्यांएवढा ओला गोल होता. आईनेच तो दाखवला, तोंडाला पदर लावून.

काकांनी चादर उचलली. नकाशा हातात घेतला, उलटा केला, झटकला. कोरडा. मग दिवाणावरचा ओला गोल बोटाने दाबून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला, पण बोलणं उतरलं नाही.

‘‘समजा असेल,’’ ते म्हणाले. ‘‘समजा. पण ही जागा हद्दीवर आहे. पलीकडे कोण आहे ठाऊक आहे ना? तात्या.’’

तात्या आमचे भाऊबंद, पलीकडच्या जमिनीचे मालक. त्यांच्या घराशी आमचं आजोबांच्याही आधीपासून बोलणं नव्हतं. का नव्हतं ते कोणालाच माहीत नव्हतं. बोलणं नाही, एवढंच माहीत होतं. त्यांच्या गडग्याला – दगडी कुंपणाला – हात लावायचा तर त्यांना विचारणं आलं.

‘‘विचारीन,’’ बाबा म्हणाले. माझ्या आठवणीत बाबांनी कोणाकडे काही मागितलेलं नव्हतं.

काका बसस्टॉपवर गेले ते आईची छत्री उघडून पाठीमागे धरून. मार्च महिना होता. आकाश निरभ्र.

अक्षय्य तृतीयेला आठवडा उरला असताना बाबा, काका आणि मी एसटीने गावी गेलो. रजेच्या अर्जात मी ‘शेतीचे काम’ असं कारण दिलं. संपादकांनी मान वर करून एकदा पाहिलं आणि सही केली. नकाशा मुलुंडलाच ठेवला. ट्रेसिंग पेपर होता, आणि दामलेबाईंनी तशी गळ घातली होती.

तात्या सत्तरीचे, उघडे, घरासमोरच्या खळ्यात आमसुलं पसरत होते. बाबा गडग्याच्या अलीकडेच थांबले.

‘‘कोण तो?’’ तात्यांनी हात डोळ्यांवर धरला. ‘‘मेल्या, वाट गावली तुका?’’

‘‘तात्या, एक इचारूचा होता. बावीचा.’’ बाव म्हणजे आमच्याकडे विहीर.

‘‘बावीचा? बाव तुमच्या कागदात आसा मा? मग खणा थय.’’

‘‘दोनदा खणली. कातळ लागलो.’’

‘‘लागतलोच. थय बाव कधी नव्हतीच.’’ तात्यांनी आमसुलं सोडली आणि मांडी घातली. ‘‘बाव होती गडग्यावर. अर्धी तुमची, अर्धी आमची. मोजणीदार इलो, तेका तुझ्या पणज्यान तीन दिस कोंबडी-वडे घातल्यान. चवथ्या दिसा बाव चालाक लागली. चालत चालत तुमच्या शेतात जावन बसली. कागदार! मग माझ्या आज्याक राग इलो. कागदार तुमची, तर तुमका नाय, आमका नाय... दगड-माती घालून बुजवन टाकल्यान.’’

काकांच्या तोंडून आलं, ‘‘मग तात्या, इतकी वर्सा सांगलंस कशाक नाय?’’

‘‘कोण इचारूक इलो?’’ तात्या म्हणाले.

नेमकी जागा त्यांनाही ठाऊक नव्हती. गडगा जवळजवळ तीनशे फूट लांब. मी ट्रेसिंग पेपर काढला. कोपऱ्याच्या हद्दीच्या दगडापासून पावणेसहा इंच, म्हणजे सुमारे पंचाण्णव फूट. तात्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं.

‘‘ह्या तुका कोणी सांगल्यान?’’

‘‘फरशी ओली झाली,’’ मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात पुढचा प्रश्न न विचारणारे ते एकटेच.

खणायला तात्यांची हरकत नव्हती. अट एक होती. आधी राखणदाराला नारळ ठेवायचा – जमीन राखणारा तो देव, आंब्याखालचा शेंदूर नसलेला साधा दगड – आणि गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे काही नवं करताना देवाला मोठ्याने सगळं सांगतात. प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तात्या म्हणाले, ‘‘गाऱ्हाणा तू घाल. आणि खोटा कोण बोललो, ताय सांग. देवाक फसवलास तुम्ही. तो अजून तोच कागद खरो धरून बसलो आसतलो.’’

बाबा नारळ हातात धरून उभे राहिले. जो नकाशा देव्हाऱ्यात होता, ज्याच्या जिवावर त्यांनी सगळी नोकरी काढली, तो खोटा आहे असं त्यांना मोठ्याने म्हणायचं होतं.

‘‘दादा, बोल ना रे,’’ काका हळूच म्हणाले. ‘‘पणजोबांक काय आता ऐकूक येतला?’’

‘‘तेंका येवचा नाय,’’ तात्या म्हणाले. ‘‘पण ह्येका येतला.’’

बाबांनी नारळ ठेवला. सवयीने मी घड्याळ पाहून डायरीत नोंद केली : गुरुवार, सकाळी पावणेअकरा.

‘‘बा देवा म्हाराजा,’’ बाबा म्हणाले, ‘‘आमच्या पणज्यान कागदार बाव सरकवली.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ तात्या म्हणाले. जरा जास्तच मोठ्याने.

‘‘ती चूक आमची. बाव दोघांची. अर्धी तात्याची.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘आणि ती बुजवली तेंच्या आज्यान.’’

तात्या थांबले. मग म्हणाले, ‘‘...व्हय म्हाराजा.’’

गडगा उतरवून त्याच दुपारी खणायला सुरुवात झाली. शुक्रवारी संध्याकाळी मातीखाली चिऱ्यांची वळणदार रांग लागली, घडीव, एकाला एक बसवलेली. शनिवारी जेवणाच्या आधी पाणी आलं. पहिली ओंजळ काकांनी प्यायली. खिशातला सौद्याचा कागद काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि परत खिशात ठेवला. फाडला नाही, काका काहीच फाडत नाहीत. पण सहीचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाबा काठावर बसून होते. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘गोड आहे रे.’’

मंगळवारी मुलुंडला परतलो. जिन्यातच दामलेबाई उभ्या होत्या. चेहरा पडलेला.

‘‘तुमचं पाणी बंद झालं,’’ त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासह वर जाऊन पाहिलं. नकाशा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खाली फरशी कोरडी. त्यानंतर तो नकाशा मी गादीवर ठेवला, फरशीवर ठेवला, महिनाभर ठेवला. काही नाही.

‘‘शनिवारी थांबलं असेल,’’ मी म्हणालो. शनिवारी विहिरीला पाणी लागलं होतं. माझ्या मनाने तेवढा हिशेब आधीच जुळवून टाकला होता.

‘‘शनिवारी नाही. गुरुवारी.’’ त्यांनी वही उघडली. ‘‘मी तांदूळ धुवायला बादली घेतली होती. सकाळी पावणेअकरा.’’

मी माझी डायरी काढली. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी धरल्या. एक बाई मुलुंडला, एक मी मालवणकडे, दोघांनी एकमेकांना न विचारता लिहिलेली एकच वेळ. दोन ठिकाणांहून दुजोरा. माझ्याच नियमाने ही बातमी छापायला हरकत नव्हती. मी ती कधी दिली नाही.

बाबा जूनमध्ये गावी राहायला गेले. आई गणपतीनंतर गेली, आधी रहाट बसवा म्हणून. विहिरीवर रहाट दोन आहेत, एक आमच्या बाजूला, एक तात्यांच्या. तात्या आणि बाबा रोज भांडतात, पण आता बोलून भांडतात. नकाशा मी फ्रेम करून मुलुंडच्या घरात लावला आहे. निळ्या गोलापासून चार इंचांवर पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे. ती करताना कागद जरासुद्धा ओला झाला नाही.

कारण काय, ते मला आजही सांगता येत नाही. पाइप नव्हता, चीर नव्हती, नकाशा कोरडा होता आणि डाळ शिजत होती. दामलेबाईंना मी सगळं सांगितलं – पणजोबा, कोंबडी-वडे, गाऱ्हाणं. त्यांनी ते गणिताच्या बाईसारखं शांतपणे ऐकून घेतलं. पिंप त्यांनी त्या कोपऱ्यातून हलवलं नव्हतं.

‘‘म्हणजे खोटं कबूल केलं आणि पाणी थांबलं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘तसं दिसतं खरं.’’

त्यांनी एकदा छताकडे पाहिलं.

‘‘सावंत, तुमच्या घराण्यात असा आणखी एखादा कागद नसेल का हो?’’